दुपारी लागणारा दिवा

१

दुकानदारांनी काउंटरवर तीन दिवे मांडले आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. बोलणं त्यांच्याकडे, आकडे माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे. मी वही उघडली.

बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना आमची नाव पिण्याचं पाणी, भाजी आणि गॅसच्या टाक्या पोचवते. संध्याकाळी ती खाडीत नांगर टाकून उभी राहते. नांगरलेल्या नावेवर अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चारी बाजूंनी दिसेल असा एक पांढरा दिवा लागतो. तो नांगरदिवा. आमचा जुना दिवा तारेच्या बल्बचा होता, दहा वॅटचा. बारा तासांत बॅटरीतले दहा अँपिअर-तास तो एकटा खायचा. बॅटरी सत्तरची, तीही म्हातारी. सकाळी इंजिन सुरू करायला गेलं की नुसती कण्हायची.

"हा बघा एलईडी. दोन वॅट," दुकानदार म्हणाले. "रात्रभर जळला तरी तुमच्या बॅटरीला पत्ता लागणार नाही. दोन मैलांवरून दिसतो."

मी लिहिलं: ०.१७ अँपिअर. बारा तासांत दोन.

"आणि हा त्याचाच थोरला भाऊ. याला डोळा आहे." दिव्याच्या टोकावर वाटाण्याएवढा काळा ठिपका होता. "अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. बटणच नाही याला."

"बटण नाही?" बाबांनी विचारलं.

"कशाला हवं? माणूस विसरतो. हा नाही विसरत. जुन्याला काय झालं तुमच्या?"

"काही नाही. चांगला होता. त्या दिवशीसुद्धा चालू होता." बाबा दिव्याकडे बघून बोलत होते. "पण बंदराच्या कार्यालयाचं पत्र आलंय. मंजूर झालेला नवा दिवा बसवा, तपासणी करून घ्या, मगच नाव बाहेर काढा."

"दिवसा तपासणार कसा?" हे मी वहीला विचारलं होतं, कारण दुकानात मला मोठ्याने बोलता येत नाही. दुकानदारांनी तरी ऐकलं.

"असा." त्यांनी दिव्याला वायर जोडली आणि वाऱ्यात काडी जपावी तशी दोन्ही हातांची ओंजळ त्यावर धरली. बोटांच्या फटींतून पांढरा उजेड सांडला. "त्याला वाटलं, झाली रात्र. भोळा आहे बिचारा. घे, तू कर."

मी केलं. माझी बोटं आतून लाल दिसायला लागली. दहा. मोजायची काही गरज नव्हती, पण मी मोजते.

"हाच द्या," बाबा म्हणाले. "बटण नाही तेच बरं."

दुकानदारांनी सोबत एक छोटं मीटर दिलं. ते केबिनमध्ये बसवायचं, म्हणजे दिवा किती वीज ओढतोय ते आकड्यात दिसतं. पिशवी देताना ते मला हळूच म्हणाले, "काका गेला तेव्हा फार वाईट वाटलं गं. पण दिवा चालू असताना माणूस सरळ नावेवर येऊन आदळतो म्हणजे… जाऊ दे."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार आहे.

२

माझ्या काकाला सगळा धक्का साडेनऊ म्हणायचा. कधीतरी दोरखंडात अडकून त्याच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी तुटली होती. लहानपणी मी त्याला विचारायचे, "काका, बोटं किती?" तो म्हणायचा, "साडेनऊ. ऑफिसं दहाला उघडतात. अर्ध्या बोटासाठी माझी साहेबाची नोकरी हुकली बघ."

मोठी नाव दोघा भावांच्या नावावर आहे. छोटी होडी काकाची होती.

आमच्या खाडीत अकरा होड्या-नावा. सगळ्यांच्या बॅटऱ्या जुन्या. म्हणून इथे एक पद्धत पडली आहे. नियमात ती नाही, पण सगळे पाळतात. शेवटची होडी आत आली की नांगरदिवे बंद करायचे. सगळे घरी आलेत, आता कोण कोणावर आदळणार? मोजायचं काम आमच्या नावेवर माझ्याकडे होतं.

त्या संध्याकाळी मी दहा मोजल्या.

"काका यायचाय," मी म्हणाले.

"तो काय आंधळा आहे? जन्म गेला त्याचा या खाडीत," बाबा म्हणाले. त्यांना घरी जायची घाई होती. "बंद कर. सकाळी इंजिन लागलं नाही तर काय वल्ही मारायची?"

मी बटण दाबलं.

काका आमच्याच बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर आणायला पलीकडे गेला होता. बाबांनीच पाठवलं होतं. येताना अंधारात त्याची होडी आमच्या नावेच्या नाकावर आदळली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी बाबा नावेवर पोचले. लोक आले तेव्हा नांगरदिवा चालू होता.

काका दुपारी सापडला. होडीत एक बाटली होती, पाण्याने लेबल निघून गेलेली. लोकांनी बाटली बघितली आणि एकमेकांकडे बघितलं. काका नाकासमोर चालणारा माणूस. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

कार्यालयाचे साहेब आले. सावळे, शांत, खिशाला दोन पेनं. त्यांनी मला विचारलं, "बाळ, संध्याकाळी दिवा चालू होता ना?"

बाबा माझ्या मागे उभे होते. मी मान हलवली. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: दिवा चालू. होडी चालवणाऱ्याची बेपर्वाई.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "गेलेला माणूस परत येत नाही. असलेलं घर मोडू नये."

काकू आमच्याच घरात राहते, मागच्या खोलीत. नळावर बायका तिच्यासाठी जागा सोडतात. आदराने नाही. बाटलीवाल्याची बायको म्हणून.

३

नवा दिवा केबिनच्या छपरावरच्या दांडीवर बसवला. तपासणी होईपर्यंत नाव धक्क्याला बांधून ठेवायची होती, म्हणून शाळा सुटली की मी अभ्यासाला तिथे जायला लागले. घरात अभ्यास होत नव्हता. घरात कोणीच काही बोलत नव्हतं आणि त्याचा फार आवाज व्हायचा.

केबिन म्हणजे दोन बाकं, एक फळी, एक गोल खिडकी आणि डिझेलचा वास. भिंतीवर जुन्या बटणाच्या जागी भोक राहिलं होतं. त्याच्या शेजारी मीटर. रोज आले की मी आकडा वहीत लिहायचे. दिवसा दिवा बंद, म्हणून ०.००. शून्य लिहायला बरं वाटायचं.

शनिवारी अर्धी शाळा होती. बारा वाजले असतील. ऊन एवढं की पाण्याकडे बघवत नव्हतं. मी भूमितीचं एक प्रमेय तिसऱ्यांदा खोडत होते आणि सहज वर बघितलं.

०.१७.

मी पेन्सिल खाली ठेवली. आकडा हलला नाही. ०.१७ म्हणजे दिवा लागलाय, म्हणजे त्या काळ्या ठिपक्यावर अंधार पडलाय. ढग आला असेल म्हणून खिडकीतून बघितलं. आकाश घासलेल्या ताटासारखं होतं. मग वाटलं, पक्षी बसला असेल. धक्क्यावर पांढरे पक्षी असतात, ते कुठेही बसतात.

तेवढ्यात छपराची फळी वाजली. पक्ष्याने वाजते तशी नाही. अनवाणी माणसाने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला की वाजते तशी, एकदाच.

मी बाहेर येऊन शिडीवर चढले. छपरावर कोणी नव्हतं. दिवा बंद होता. खाली उतरून बघितलं, ०.००.

वहीत मी लिहिलं: बारा वाजून सात मिनिटं. पक्षी. मग "पक्षी"च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं, कारण खाडाखोड मला आवडत नाही.

४

रविवारी पाच मिनिटं. सोमवारी शाळा बुडवली, तेव्हा नऊ. मंगळवारीही बुडवली. तेव्हा अकरा.

चोराच्या मनात चांदणं असतं, हे मला कळतं. मी स्वतःला एकेक विचारून बघितलं. क्रेनची सावली? क्रेन दुसऱ्या टोकाला आहे. मीटर बिघडलंय? मग दोन्ही वायरी सोडवल्या तेव्हा ते शून्यावर का आलं? दिव्यालाच दोष असेल. हे उत्तर मला आवडलं. मी बाबांना सांगितलं. दिवा दिवसा लागतोय म्हटल्यावर पहिल्यांदा ते चिडले.

"वीज वाचवायला घेतला आणि हा दिवसा जळतोय!"

आम्ही दुकानात गेलो. दुकानदारांनी दिवा टेबलावर तासभर ठेवला, लागला नाही. ओंजळ धरली, लागला. काढली, विझला.

"दिव्यात काही नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर अंधार पडला की तो लागणार, एवढंच त्याला येतं. तुमच्याकडे दुपारी अंधार पडत असेल तर मी काय करू?" आणि स्वतःच हसले. तरी बिचाऱ्यांनी बदलून दिला.

नवा दिवा बुधवारी बसवला. गुरुवारी परत शाळा बुडवली, पण बाराला मी केबिनमध्ये नव्हतेच. मी धक्क्यावर, एका गंजक्या पिंपामागे बसले होते, दिव्याकडे बघत. छपरावर ऊन होतं, दांडी होती, दांडीवर दिवा होता, आणि बाकी काही नव्हतं.

दिवा लागला.

एकदम नाही लागला. दिव्याच्या काचेवरची उन्हाची चमक आधी डावीकडून गेली, मग उजवीकडून. कोणीतरी एक हात आणावा, मग दुसरा. मग आत पांढरं दिसायला लागलं. तो विझला, परत लागला, परत विझला. दुकानात दुकानदार करत होते तसं. लागतो की नाही ते बघावं तसं.

मला पळता आलं नाही. पळाले असते तर बाबांनी कारण विचारलं असतं.

बऱ्याच वेळाने मी वर गेले. दिव्याची काच खाऱ्या पाण्याने ओली होती आणि उन्हात वाळत होती. वाळता वाळता मिठाचे डाग उमटत होते. डावीकडे चार लांब आणि अंगठा. उजवीकडे तीन लांब, अंगठा, आणि त्यांच्यामध्ये एक डाग, जो अर्ध्यावरच संपला होता.

मी ओढणीच्या टोकाने काच पुसली. पुसायचं कसं ते मी घरीच शिकले आहे.

५

शुक्रवारी संध्याकाळी काकूने मला मागच्या खोलीत बोलावलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. काकाचे शर्ट ती अजून धुते.

"उद्या तपासणीला मलापण बोलावलंय," ती म्हणाली. "नाव दोघांच्या नावावर ना. त्यांच्या जागी आता माझी सही."

"हं."

"वर चढून दिवा झाकायला तुला सांगणार आहेत. दादा तुझ्या आईला सांगत होते." काकू बाबांना दादा म्हणते. तिने शर्टाची बाही सरळ केली. "भीती वाटते का गं तुला वर चढायची?"

"नाही."

"मग आठवडाभर जेवत का नाहीस?"

तिने घडी खाली ठेवली. तिचा आवाज अजिबात चढला नाही, हेच वाईट होतं.

"त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. तू हो म्हणाली नाहीस. नुसती मान हलवलीस. तू एरवी बोलत नाहीस, ठीक आहे, पण खोटं बोलतानासुद्धा बोलत नाहीस." मग ती म्हणाली, "नळावर काल एक जण मला म्हणाली, तुमच्याकडे रिकाम्या बाटल्या असतील तर द्या. मी ऐकून घेतलं. आणखी किती वर्षं ऐकायचं ते तू सांग. तेवढी वर्षं मी ऐकेन."

"काकू, मी…"

"आत्ता नको. मला एकटीला सांगून काय होणार?" तिने पुढचा शर्ट घेतला. "जा, जेव."

मी जेवले नाही.

६

शनिवारी पावणेबाराला साहेब आले, तीच दोन पेनं लावून. काकू नावेच्या मागच्या बाजूला फळीवर बसली होती, हात मांडीवर. बाबा फारच बोलत होते. साहेब, बसा. साहेब, पाणी घ्या. साहेब, वीज अगदी नावाला लागते, दोन वॅट फक्त, आणि बटणच नाही, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही.

"चला, बघू," साहेब म्हणाले. "तुम्ही आत मीटर बघा. मी इथून दिवा बघतो. चढ बाळ, हातांनी झाक."

मी शिडी चढले. छप्पर पायांना चटकत होतं. दिवा माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता, बंद, काच कोरडी. माझी सावली माझ्याच पायाखाली गोळा झाली होती. खाली पाणी नावेला हळूहळू थापटत होतं.

मी दोन्ही हात वर नेले आणि ओंजळ धरली.

दिवा लागला. माझी बोटं आतून लाल झाली, दुकानात झाली होती तशीच. मग मला गार वाटलं. त्या उन्हात माझ्या हातांच्या पाठी गार आणि ओल्या झाल्या.

दुकानात बोटांच्या फटींतून पांढरा उजेड येत होता. आता फटी लाल होत्या.

मी खाली बघितलं नाही. शेजारीही नाही. फक्त हातांकडे बघितलं आणि मोजलं, कारण मला तेवढंच येतं. माझी दहा. माझ्या फटींमधली, माझ्या बोटांवरून आलेली, दुसरी. अकरा, बारा, तेरा. एका फटीत लाल अर्ध्यापर्यंतच भरलं होतं. त्याच्या वरून पांढऱ्या उजेडाची एक बारीक रेघ सरळ माझ्या डोळ्यांत येत होती.

साडेएकोणीस.

"लागला का गं?" बाबांनी आतून विचारलं.

साहेबांचं पेन रजिस्टरवर टेकलं होतं. काकू माझ्याकडे बघत होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सगळं त्यावरच चाललं होतं.

"आता लागलाय," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही, एवढा मोठा होता. "त्या दिवशी बंद होता."

पेन थांबलं.

"काय म्हणालीस?" साहेब म्हणाले.

"काका आला तेव्हा दिवा बंद होता. दहाच होड्या आल्या होत्या. बाटलीत बॅटरीचं पाणी होतं. आमच्या बॅटरीचं."

काकू उठली नाही. तिने फक्त विचारलं, "कोणी बंद केला?"

"मी."

आणि मी थांबले. बटण माझ्या बोटाने दाबलं होतं, म्हणून तेवढं माझं होतं. पुढचं वाक्य बाबांचं होतं. मी ते त्यांच्यासाठी ठेवलं. केबिनमध्ये बाकाची फळी करकरली. मला वाटलं, आता येतील, आता म्हणतील.

बाबा दारात आले. चेहरा घामाने भिजला होता.

"लहान आहे साहेब," ते म्हणाले. "तेव्हा तर आणखीच लहान होती. खेळता खेळता हात लागला असेल. भीतीने सांगितलं नसेल. आम्हाला तरी कुठे माहीत?"

मी चौदा वर्षांची आहे. तेव्हाही चौदाचीच होते. पाच महिने झालेत फक्त.

काकूने मान वळवली. माझ्याकडे नाही, बाबांकडे. "दादा?" ती म्हणाली. एवढंच. उत्तराला जागा ठेवून.

बाबा आत वळून मीटरकडे बघायला लागले, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं होतं.

मग साहेबांनी रजिस्टर मिटलं. त्यांनी एक हात कपाळावर उन्हाला आडवा धरला आणि वर दिव्याकडे बघितलं.

"बाकीचं आपण कार्यालयात बोलू," ते थकल्यासारखे म्हणाले. "हात काढ आता, बाळ. विझू दे तो दिवा."

केबिनमधून बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "शून्य पूर्णांक सतरा."

"हात काढ म्हटलं ना," साहेब म्हणाले.

दिव्यावरून कधीच काढलेले दोन्ही हात मी वर करून दाखवले.